पिल्लू खात नाही? मग खायला घालू नका

"पंधरा दिवस झाले, कशाला तोंड लावलं नाही. मरेल का हो?" टॅरँटुलाचं पिल्लू पाळणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. विचारण्याआधीच डबीत आणखी दोन जिवंत रातकिडे सोडून झालेले असतात, आणि खरा धोका त्या रातकिड्यांचाच असतो.

कोळ्याचं कवच वाढत नाही. वाढायचं तर कात टाकावी लागते, आणि तिची तयारी सुरू झाली की खाणं बंद. मेक्सिकन रेड नी या टॅरँटुलाच्या जातीचं पिल्लू पाहा: पोट फुगून तुकतुकीत होतं, त्यावरचा केस नसलेला भाग काळवंडतो, हालचाल मंदावते. पुष्कळदा ते बिळाचं तोंडही मातीने बुजवून घेतं. तरी मालक चिमट्याने माती उकरून त्याच्यापुढे किडा नाचवणार! कात टाकताना पिल्लू बहुधा उताणं पडलेलं असतं, अंग मऊ, पळायची सोय नाही. भुकेला रातकिडा अशा वेळी त्यालाच कुरतडतो. कात टाकल्यावर नवे सुळे आधी पांढरे, मग लालसर आणि शेवटी काळे होतात. काळे होईपर्यंत घास देऊ नये. लहान पिल्लाला काही दिवस पुरतात, मोठ्याला आठवडा-दोन आठवडे.

"पण इतका उपास?" हो. कोळ्यांचा ऊर्जेचा खर्चच कमी. जॉन अँडरसन यांनी 1974 मध्ये 'इकॉलॉजी' या नियतकालिकात दोन जातींच्या कोळ्यांवरचे उपासमारीचे प्रयोग मांडले. त्यांचे कोळी अन्नावाचून कित्येक महिने जगले. त्या जाती टॅरँटुला नव्हेत, हे खरं. पण चिलियन रोझ ही टॅरँटुलाची जात पाळणाऱ्यांना महिनोन्‌महिन्यांचा उपास नवा नाही. पिल्लाजवळ तेवढी शिल्लक नसते, म्हणून लक्ष पोटाकडे ठेवावं. गरगरीत असेल तर निवांत राहा. सुरकुतलं असेल, तर आधी पाणी द्या.

पाण्यासाठी स्पंज? नको, त्यात जंतू माजतात. एका कोपऱ्यातली माती ओलसर ठेवली की पिल्लाला पुरतं.

"भक्ष्य जिवंतच हवं" हेही चूक. पिल्लं मेलेला किडा, मीलवर्मचा कापलेला तुकडाही आनंदाने खातात. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा, नाहीतर बुरशी येते. जिवंतच द्यायचा असेल तर पिल्लाच्या पोटापेक्षा मोठा नको.

बागेतले किडे 'ताजे' असतात म्हणे! त्यांच्यावर कोणती फवारणी झाली आहे, ते कसं कळणार?

आणि ठासून भरवण्याची हौस. वाढ झपाट्याने होते, कबूल; पण नर लवकर वयात येतो आणि तितक्याच लवकर मरतो. शिवाय टम्म फुगलेलं पोट थोड्या उंचीवरून पडूनही फाटू शकतं.