वकिलीची वाट वाचनातून जाते

बारावीचा निकाल लागला की आमच्या तोंडवलीत मुलींच्या वाटा ठरलेल्या. नर्सिंग, डी.एड., नाहीतर मालवणला जाऊन बी.ए. म्हणूनच बचत गटातल्या एका मैत्रिणीची लेक जेव्हा म्हणाली, ''काकी, माका वकील होवचा आसा, पण परीक्षा म्हणे सगळी इंग्रजीत!'' तेव्हा बरं वाटलं. तिची भीती मात्र अर्धीच खरी होती.

मैत्रिणींनो, बारावीनंतर पाच वर्षांच्या कायदा अभ्यासक्रमाला जाण्याच्या आपल्याकडे मुख्य वाटा दोन. पहिली 'क्लॅट', २००८ पासून होणारी देशपातळीवरची परीक्षा. बंगळुरूच्या नामवंत राष्ट्रीय विधी विद्यापीठात किंवा आपल्या मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत हिच्यातूनच प्रवेश मिळतो. ही खरोखरच इंग्रजीत असते. दोन तासांत १२० प्रश्न, आणि चुकलं की पाव गुण कापला जातो. दुसरी वाट राज्याची लॉ सीईटी. तिची प्रश्नपत्रिका मराठीतही असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिच्यातून राज्यातल्या इतर लॉ कॉलेजांचा रस्ता खुला होतो.

क्लॅटसाठी कायद्याची कलमं पाठ करावी लागत नाहीत. एक उतारा देतात, नियम त्यातच सांगितलेला असतो, तो प्रसंगाला लावून दाखवायचा. म्हणजे परीक्षा घोकंपट्टीची नाही, वाचून समजण्याची आहे. असं वाचन दोन महिन्यांत येत नाही. अकरावीपासून रोज तासभर इंग्रजी वर्तमानपत्र, त्यातला अग्रलेख, आणि वाचलेलं मराठीत चार ओळींत सांगणं, एवढं तरी हवं. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. चुका वेगळ्या वहीत उतरवाव्यात. काही खासगी विद्यापीठांत मुलाखतही होते. तिथे पाठ केलेलं भाषण उपयोगी नाही. आपलं मत काय आणि ते का, हे शांतपणे सांगता यायला हवं. ही सवय घरात जेवतानाही लावता येते, फक्त ''तू गप रव'' म्हणणं आपण सोडलं पाहिजे.

इंग्रजीचा आणि पैशाचा अडसर मोठा आहे, हे नाकारत नाही. शुल्क लाखांच्या घरात जातं. गरीब घरांतल्या मुलांना क्लॅटची तयारी मोफत करून देणारी 'आयडिया' ही संस्था २०१० पासून काम करते आहे. तिची चौकशी जरूर करावी.

नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये खास परवानगीने कायद्याच्या परीक्षेला बसल्या. पदवी मात्र १९२२ मध्ये हातात पडली, कारण परीक्षा दिली त्या काळी ऑक्सफर्डमध्ये बायकांना ती देतच नसत! आज आपल्या मुलींना दार बंद नाही, दाराशी पोचायची तयारी तेवढी कमी पडते.

आणि गरज आपल्यालाच आहे. सी-वर्ल्ड प्रकल्पावरून वायंगणी-तोंडवलीत जमिनीचा वाद पेटला, तेव्हा नोटिसा, सातबारे, अधिसूचना असे किती शब्द आपल्या दारात आले! ते वाचून अर्थ सांगणारी पोर गावातलीच असली तर किती बरं. त्यासाठी अकरावीच्या वर्षीच घरात एक इंग्रजी पेपर सुरू करा, आणि तो वाचत बसलेल्या लेकीला पाणी भरायला हाक मारू नका.