राजापेठेतली धूळ कुठल्या खडकाची?

एप्रिल-मे महिन्यांत राजापेठेतून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या घराची खिडकी सकाळी पुसली, तरी संध्याकाळपर्यंत तिच्या चौकटीवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ साचते. ‘धूळ म्हणजे काय?’ असे वर्गात विचारले, तर ‘मातीचे बारीक कण’ असे उत्तर येते. उत्तर चूक नाही. पण ‘कोणती माती?’ हा पुढचा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. धूळ इथूनतिथून सारखीच, असे मानून फडक्याने पुसून टाकतो. प्रत्यक्षात राजापेठेची धूळ, जोधपूरची धूळ आणि सहारा वाळवंटातली धूळ हे तीन निरनिराळे पदार्थ आहेत.

आधी एक शंका दूर करू. उन्हाळ्यात वारे बहुधा पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतात. त्यामुळे ही सगळी धूळ राजस्थानातून येते, असे पुष्कळांना वाटते. थोडी येतही असेल. दहा मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा, लहान कण वाऱ्यावर कित्येक दिवस तरंगत हजारो किलोमीटर जाऊ शकतात. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानाकडून आलेल्या धुळीच्या वादळाने मुंबई-पुण्याचे आकाश धुरकट झाले, ते अशाच कणांमुळे. पण पन्नास-शंभर मायक्रॉनचे जाड कण उठले तिथून फार दूर जात नाहीत. खिडकीत वजनाने अधिक भरते ती हीच जाड धूळ. ती वावरातली, मुरमाच्या रस्त्यावरची, गिट्टीच्या खदानीतली, थोडक्यात आपल्याच मुलखातली असते.

या मुलखाचा खडक म्हणजे बेसाल्ट, आपला काळा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे थर थंड होऊन तो बनला. त्यात मुख्यतः फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे असतात आणि मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे बारीक कण विखुरलेले असतात. नदीच्या पांढऱ्या रेतीत भरपूर सापडणारे क्वार्ट्झ मात्र त्यात जवळजवळ नसते. (दगडाच्या पोकळ्यांत मागाहून भरलेल्या गारगोट्यांचे क्वार्ट्झ वेगळे.)

हा दगड हवा-पाण्याने कुजतो तेव्हा त्याची माती होते. वऱ्हाडात वर्षाला साधारण आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही तीन-चार महिन्यांत आटोपतो. एवढ्या पाण्याने दगडातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पूर्णपणे धुऊन जात नाही. ते तिथेच राहते आणि स्मेक्टाइट गटातली चिकणमाती तयार होते. ही खनिजे पाण्याने फुगतात आणि वाळली की आकसतात. उन्हाळ्यात काळ्या वावरांना हात जाईल अशा भेगा पडतात, त्या यामुळेच. मागे राहिलेल्या कॅल्शियमचे चुनखडीचे खडे बनतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-अकोटकडे, नांगराच्या तासात ते सहज दिसतात. वखरणीनंतर, धूळपेरणीच्या सुमारास वाऱ्यावर उडतो तो फुफाटा या सगळ्याचा मिळून असतो: स्मेक्टाइट, थोडी चुनखडी, न कुजलेल्या फेल्डस्पारचा चुरा आणि मॅग्नेटाइट.

आता हाच दगड घेऊन पाचगणी-महाबळेश्वरला जाऊ. खडक तोच, लाव्हाही त्याच काळातला. पण महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. लक्षावधी वर्षांच्या अशा ओल्या हवामानात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिकाचाही बराचसा भाग वाहून गेला. मागे उरला लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या संयुगांचा तांबडा जांभा. त्याच्या धुळीत स्मेक्टाइटऐवजी केओलिनाइट आणि लोहाची तांबडी-पिवळी ऑक्साइडे असतात. तिथे फिरून आलेल्या मुलांचे पांढरे मोजे सांगतील!

आइसलँडचा खडकही बेसाल्टच. पण तिथल्या थंडीत दगड कुजण्याची क्रिया अतिशय मंद चालते. शिवाय हिमनद्यांखाली झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांत लाव्हा एकदम गोठून त्याची काच बनते. म्हणून तिथली धूळ काळी, काचेच्या अणकुचीदार चुऱ्याची. राजापेठ, महाबळेश्वर आणि आइसलँड: दगड एक आणि धुळी तीन. कोणत्या प्रदेशाची धूळ कशी असेल, हे खडकाइतकेच तिथला पाऊस आणि उष्णता ठरवतात. भूगोलाच्या तासाला मृदा शिकवताना हे उदाहरण घेण्यासारखे आहे.

जिथे मूळ खडकच वेगळा, तिथे फरक आणखी वाढतो. थरच्या धुळीत क्वार्ट्झ, अभ्रक, इलाइट आणि चुनखडी आढळतात. सहाराच्या उत्तर भागातल्या धुळीत इलाइट आणि चुनखडी अधिक, तर दक्षिणेकडे केओलिनाइट आणि लोह अधिक. त्यामुळे दूरवर पडलेल्या धुळीतले या खनिजांचे प्रमाण मोजून ती कुठल्या भागातून उडाली याचा अंदाज बांधता येतो. चाड देशातल्या बोडेले या सखल भागात तर एका आटलेल्या प्राचीन सरोवराचा तळ उघडा पडला आहे. तिथली धूळ म्हणजे डायटम या सूक्ष्म वनस्पतींची सिलिकायुक्त कवचे. अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या अरण्यापर्यंत ती फॉस्फरस पोहोचवते.

या भेदाने काय बिघडते, असे कोणी विचारील. मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली आपल्यापैकी अनेकांनी वापरल्या आहेत. त्या कापणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत दगडातल्या क्वार्ट्झची धूळ गेली आणि कित्येकांना ऐन तरुणपणी सिलिकोसिस झाला. या रोगात फुप्फुसे कायमची कडक होतात आणि बरे करणारे औषध नाही. तिथे प्रश्न धूळ किती, एवढाच नव्हता. ती कशाची, हाही होता. बेसाल्टची गिट्टी फोडणाऱ्याला क्वार्ट्झचा धोका त्या मानाने कमी, एवढेच म्हणता येते. बारीक धूळ कुठलीही असो, ती फुप्फुसाला वाईटच. दगडावर पाणी मारणे आणि तोंडाला मास्क लावणे तिथेही हवेच.

पावसाचेही तसेच. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे स्वच्छ पावसाचा सामू सुमारे ५.६ असतो. आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी तो याहून जास्त भरतो, कारण धुळीतली चुनखडी आम्लाचे उदासिनीकरण करते. आणि धूळ हवा तापवते की थंड करते, हे तिच्या रंगावर ठरते. लोहामुळे गडद झालेली धूळ ऊन शोषते, फिकी धूळ ते परत पाठवते. हवामानाची गणिते मांडताना जगभरची धूळ एकसारखी धरण्याची पद्धत बरीच वर्षे होती. ही उणीव भरून काढण्यासाठी नासाने जुलै २०२२ मध्ये ‘एमिट’ हे उपकरण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे पाठवले. कोरड्या प्रदेशांच्या जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे वर्णपट घेऊन ते तिथली खनिजे ओळखते.

आपल्याला वर्गात एवढे उपकरण लागत नाही. शाळेच्या गच्चीवरची, रहदारीपासून जरा दूरची धूळ कागदावर घ्यावी. चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यावरून फिरवावा. काळे कण चिकटून वर येतात, ते बहुतेक मॅग्नेटाइटचे. रस्त्याकडेची धूळ घेऊ नये. तिच्यात वाहनांच्या झिजेचा लोखंडी चुरा मिसळलेला असतो आणि निष्कर्ष फसतो. मुलांना हेही जरूर सांगावे, की १९७६ साली मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांवर असेच चुंबक बसवले होते आणि त्यांना मंगळाची धूळ चिकटली होती. मंगळाचा पृष्ठभागही प्रामुख्याने बेसाल्टचाच. बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेले आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर मंगळाच्या अभ्यासकांना मोलाचे वाटते ते याचसाठी.

दुसरी परीक्षा चुनखडीची. वावरातल्या मातीतला पांढरा खडा कुटून त्यावर लिंबाचा रस टाकला की बुडबुडे येतात. हीच परीक्षा फळ्याखाली साचलेल्या धुळीवर करायची असेल, तर आधी शाळेतल्या खडूचा तुकडा तपासावा. खडू जिप्समचा असेल तर बुडबुडे येणार नाहीत. चुनखडीचा असेल तर येतील, आणि मग फळ्याखालची धूळ या परीक्षेच्या उपयोगाची नाही. ती गच्चीवरूनच आणावी लागेल.