शोरूमच्या फरशीवर सगळ्याच सायकली छान चालतात

(या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि सायकल घ्यायला निघालेल्या मित्राला पाठवून द्या.)

आजचा प्रश्न तुमच्याच मेसेजमधून आलाय. "ताई, बजेट वीस हजार. पहिलीच एमटीबी. लोणावळा-कामशेतकडे चालवायचीय. कुठली घेऊ?"

मी कंपनीचं नाव सांगणार नाही. कशी निवडायची ते सांगते. पण आधी माझी फजिती ऐका.

मी तळेगावची. पहिली एमटीबी घेतली तेव्हा अकरा हजारात 'सगळं' मिळत होतं. पुढे शॉकअप, मागे शॉकअप, दोन्ही डिस्क ब्रेक, २१ गिअर आणि फ्रेमवर हिरव्या ज्वाळा. दुकानातच एक चक्कर मारली, भारी वाटली, घेतली. पहिल्याच पावसाळ्यात मळवलीहून भाजे आणि पुढे गायमुख खिंडीकडे निघाले, लोहगडाला जायचं म्हणून. चढावर पॅडल मारलं की मागचा शॉकअप खाली-वर, जणू पाळणा! अर्धा घाट ढकलतच चढले.

खरी गंमत उतरताना झाली. पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर थेट हँडलला टेकला. मागचा नुसता किंचाळत होता, थांबवत काहीच नव्हता. शेवटी मी सायकल मुद्दाम डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. उजव्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. उताराची बाजू निवडली असती तर आज हा पॉडकास्ट नसता.

असं का झालं?

नवीन सायकलच्या ब्रेकची केबल पहिल्या काही आठवड्यांत सैल पडते. त्यात पावसातली वाळू-चिखल लागून ब्रेक पॅड झिजतात. केबलवाल्या साध्या डिस्क ब्रेकमध्ये बहुतेक वेळा एकच पॅड सरकतो, दुसरा जागेवर असतो. तो वेळोवेळी आत घ्यावा लागतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

गंमत म्हणजे माउंटन बायकिंगची सुरुवातच ब्रेकच्या भानगडीतून दिसते. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून शर्यत लावायची. शर्यतीचं नाव 'रीपॅक'. कारण खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, आणि ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणजे डोंगर तेव्हाही पहिला प्रश्न ब्रेकलाच विचारत होता.

मग पैसे कशावर घालायचे?

या दिवाळीत मामेबहिणीसोबत सायकल बघायला गेले. तिने वर्षभर साठवलेले वीस हजार. दुकानातले काका लगेच म्हणाले, "ताई, फुल सस्पेन्शन घ्या, पोरांना तेच आवडतं." मी म्हटलं, "काका, मागचा शॉकअप नको. आधी ब्रेक दाखवा."

या बजेटमध्ये मागचा शॉकअप म्हणजे वाढीव वजन आणि सैल होणारे जास्तीचे बोल्ट. फक्त पुढे शॉकअप असलेली सायकल घ्या. तो लॉक करता येत असेल तर डांबरी चढावर फायदाच.

ब्रेक डिस्कचे बघा. आपल्याकडच्या पावसात रिमवर दाबणारे ब्रेक ओले झाले की पकड उशिरा येते, आणि चिखल रिम घासत राहतो. डिस्क चाकाच्या मध्याजवळ असते, चिखलापासून जरा लांब. पण फक्त डिस्क दिसली म्हणून भुलू नका. माझ्याही सायकलला डिस्कच होती.

गिअर २१ की २४, हा आकडा सोडा. दाते मोजा. पुढचं सगळ्यात लहान चेनव्हील आणि मागची सगळ्यात मोठी चकती. मागचे दाते पुढच्याइतके किंवा जास्त असले, तर घाटात पाय चालतील. पुढे २४ आणि मागे २८ असेल, तर पॅडलच्या एका फेरीत चाक पूर्ण एक फेरीसुद्धा फिरत नाही. म्हणजे वेग कमी, पण चढ निघतो.

आणि माप! मी पाच फूट दोन इंच. मला विकलेली फ्रेम पाच फूट आठ इंचवाल्याची होती. "सीट खाली करून देतो" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. सीट खाली होते, फ्रेम लहान होत नाही.

टेस्ट राइड कशी घ्यायची?

फरशीवर नाही. दुकानाजवळ चढ शोधा. आम्ही एका सोसायटीच्या पार्किंगचा उतार वापरला, वॉचमनकाकांना विचारून. हायवेवर अजिबात नको. डोक्याला हेल्मेट हवंच.

१. सायकल दोन पायांमध्ये घेऊन उभे राहा. दोन्ही टाचा जमिनीवर. वरच्या दांड्यात आणि तुमच्यात चार-पाच सेंटिमीटर जागा हवी.

२. सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे.

३. दोन्ही ब्रेक कचकचून दाबा. लिव्हर आणि हँडलमध्ये बोटभर तरी जागा उरली पाहिजे. मग फक्त पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलपाशी खडखड आली तर तिथे सैल आहे.

४. चाक उचलून फिरवा. रिम डावी-उजवीकडे नाचते का बघा.

५. चढावर एकेक गिअर बदला. चेन अडकली, उडी मारली तर दुकानातच नीट करून घ्या. "चालवली की सेट होते" हे उत्तर चालणार नाही.

६. शेवटी उतार. आधी हळू, मग थोड्या वेगात. दोन्ही ब्रेक एकत्र, वजन मागे. सायकल सरळ रेषेत थांबली तर पास.

बहिणीने तीन सायकली चालवल्या. निऑन रंगाची तिसऱ्या मुद्द्यातच नापास झाली. साधी काळी पास झाली. घरी येताना ती जरा नाराज होती, खोटं कशाला बोलू!

हिशोब

वीसच्या वीस हजार सायकलवर घालू नका. सोळापर्यंत सायकल. उरलेल्यात हेल्मेट, कुलूप, पुढे-मागे लाइट, पंप आणि पंक्चर किट. पक्कं बिल घ्या. सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तो बिलात बघा. महिन्याभराने पहिलं सर्व्हिसिंग, तेही विसरू नका. माझं मनगट तिथेच गेलं होतं.

सेकंड हँड घेत असाल तर फ्रेमचे वेल्डिंगचे जोड बोट फिरवून तपासा, आणि जुनं बिल मागा. बिल नसेल, तर सायकल कुणाची आहे ते आधी कळू द्या.

आणि पहिली राइड?

राजमाची नको. लोणावळ्याहून जवळपास १५ किलोमीटरचा दगडगोट्यांचा रस्ता आहे, तो थांबेल. आधी कान्हे फाट्यावरून टाकवेकडे, आंदर मावळात जा. नाहीतर कामशेतहून पवनानगर. एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे, तिकडे वळूही नका.

गेल्या रविवारी बहीण आणि मी गायमुख खिंडीत गेलो. त्याच उतारावर ती माझ्या पुढे होती. वळणावर तिने ब्रेक दाबला, सायकल गपकन थांबली, आणि मागे वळून म्हणाली, "ताई, काळा रंग तसा वाईट नाहीये."

तुमची टेस्ट राइड कशी झाली ते कळवा. भेटूया पुढच्या भागात. सांभाळून चालवा!