१८वी कोअर (सर्बियन क्रायिना सेना)

१८वी कोअर अथवा पश्चिम स्लाव्होनिया कोअर ही सर्बियन क्रायिना प्रजासत्ताकाच्या सेनेतील एक कोअर होती. ती १९९२ ते १९९५ या काळात अस्तित्वात होती. तिचे मुख्यालय क्रोएशियातील ओकुचानी येथे होते. या युद्धास सर्ब पक्ष यादवी युद्ध म्हणतो, तर क्रोएशियात ते 'मातृभूमीचे युद्ध' म्हणून ओळखले जाते. संदर्भ वाचताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पार्श्वभूमी

जून १९९१ मध्ये क्रोएशियाने स्वातंत्र्य घोषित केले, ते तेथील अनेक सर्बांना मान्य नव्हते. पश्चिम स्लाव्होनियातील सर्बांच्या साहाय्यास युगोस्लाव्ह लोकसेनेची बान्या लुका येथील ५वी कोअर आली. तथापि, वर्षअखेरीस क्रोएशियन सैन्याने बिलोगोरा व पापुक डोंगरांचा परिसर परत घेतला आणि सर्बांकडे पाक्रात्सपासून दक्षिणेस सावा नदीपर्यंतचा चिंचोळा पट्टा उरला. जानेवारी १९९२ च्या शस्त्रसंधीनंतर तेथे संयुक्त राष्ट्रांचे संरक्षण दल आले. या दलाचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हे मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी होते, हे मराठी वाचकांस ठाऊक असावे. लोकसेना निघून गेल्यावर मागे राहिलेली शस्त्रे आणि स्थानिक प्रादेशिक संरक्षण दले यांतून ही कोअर उभी राहिली.

रचना आणि भूगोल

क्रायिना सेनेत ७, ११, १५, १८, २१ व ३९ या क्रमांकांच्या सहा कोअर होत्या. 'कोअर' हे नाव लोकसेनेच्या परंपरेतून आले. एरवी कोअर म्हणजे अनेक डिव्हिजनांचा समूह. येथे मात्र स्थानिक रहिवाशांतून उभारलेल्या काही ब्रिगेडच होत्या. नावाएवढे बळ तिच्याजवळ कधीच नव्हते.

त्याहून मोठी अडचण भूगोलाची होती. पट्ट्याच्या पूर्वेस नोव्हा ग्रादिश्का व पश्चिमेस नोव्हस्का, ही दोन्ही शहरे क्रोएशियाच्या ताब्यात होती. पाठीशी सावा नदी, आणि स्तारा ग्रादिश्का येथील पूल हाच बोस्नियाकडे जाण्याचा मुख्य मार्ग. झाग्रेब–बेलग्रेड महामार्ग आणि पाक्रात्सहून या पुलाकडे येणारा रस्ता ओकुचानीजवळ एकत्र येतात. म्हणजेच ओकुचानी पडले की उत्तरेकडील तुकड्या आपोआप वेढल्या जाणार, हे नकाशा पाहणाऱ्या कोणासही कळण्याजोगे होते.

पाडाव

डिसेंबर १९९४ मधील आर्थिक करारानंतर महामार्ग वाहतुकीस खुला झाला. एप्रिल १९९५ च्या अखेरीस त्यावर हिंसक घटना घडल्या आणि १ मे रोजी पहाटे क्रोएशियाने 'ब्ल्येसाक' (वीज) ही मोहीम सुरू केली. यासेनोव्हात्स त्याच दिवशी, तर ओकुचानी २ मे रोजी पडले. पाक्रात्सजवळ अडकलेल्या तुकड्यांनी ४ मेपर्यंत शस्त्रे खाली ठेवली. बेलग्रेडहून मदत आली नाही. हजारो सर्ब नागरिक सावा ओलांडून बोस्नियात गेले. त्यांतील मृतांच्या संख्येबाबत दोन्ही पक्षांत आजही तीव्र मतभेद आहेत.

पराभवाचे प्रत्युत्तर म्हणून क्रायिनाचे अध्यक्ष मिलान मार्तिच यांच्या आदेशावरून २ व ३ मे रोजी झाग्रेबवर अग्निबाण डागण्यात आले. त्यांत सात जण मृत्युमुखी पडले. रणांगणावरील स्थितीत याने काहीच फरक पडला नाही. या हल्ल्यासह अन्य गुन्ह्यांसाठी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००७ मध्ये मार्तिच यांना ३५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

कोअर पुन्हा उभारली गेली नाही. क्रायिना सेनेचे प्रमुख मिलान चेलेकेतिच यांच्या जागी मिले म्रक्शिच आले. ऑगस्ट १९९५ मधील 'ओलुया' (वादळ) मोहिमेत उरलेल्या पाचपैकी चार कोअर संपुष्टात आल्या; केवळ पूर्व स्लाव्होनियातील ११वी कोअर मागे राहिली.