डिझेल गाडी बदलताना

मुंब्रा-पनवेलपासून महाड, खेड, चिपळूणपर्यंत अनेक घरांच्या दारात दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेली डिझेल गाडी अजून उभी आहे. ती घेताना हिशेब साधा होता. २०१२ मध्ये पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता. ईदला गावी जायचे, निकाह-वलीम्याला जायचे, अब्बांना तपासणीसाठी मुंबईला आणायचे, या सगळ्याला डिझेल स्वस्त पडत होते. आता गाडी थकली, घरात माणसे वाढली आणि बदलायचा विषय निघाला की मामू, मेहुणे आणि गॅरेजवाला, तिघांचे तीन सल्ले. एका गोष्टीवर मात्र तिघांचे एकमत असते: "डिझेल नको, उद्या विकायला गेलात तर कोणी विचारणार नाही."

ही भीती दिल्लीहून आली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने अशा गाडीमालकांवर कारवाई नको म्हटले. डिसेंबरमध्ये हा दिलासा बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरता उरला. पण हा सगळा मामला दिल्ली आणि तिच्या आसपासच्या जिल्ह्यांचा. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी, पेट्रोल असो वा डिझेल, पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून आणि हरित कर भरून ती वाढवून घेता येते. मुंबई महानगरातून पेट्रोल-डिझेल गाड्या हळूहळू कमी करता येतील का, हे पाहायला जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून राज्य सरकारने समिती नेमली. म्हणून मुंबई-ठाण्याच्या माणसाने नवी डिझेल गाडी पंधरा वर्षे वापरण्याच्या भरवशावर घेऊ नये. रत्नागिरीच्या माणसाला ही काळजी बरीच कमी आहे.

भाव पडण्याबद्दल बोलताना एक गोष्ट सहसा सुटते. जुन्या डिझेलचा भाव विकणाऱ्यासाठी पडतो, तसाच घेणाऱ्यासाठीही पडतो. आपली दहा वर्षांची गाडी देऊन कोणी चार वर्षांची डिझेल गाडी घेणार असेल, तर एका हाताने गेलेले बरेचसे दुसऱ्या हाताने परत येते. खरा फटका बसतो तो जुनी डिझेल विकून कोरी पेट्रोल घेणाऱ्याला. तरीही २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने कोऱ्या गाड्या उतरल्या आहेत. त्यामुळे जुन्या गाडीचा भाव ठरवताना दोन वर्षांपूर्वीचे आकडे डोक्यातून काढून टाकावेत.

आता मुख्य हिशेब. वर्षाला आपली गाडी किती किलोमीटर चालते? अंदाज करू नका. सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्यांवर किलोमीटरचा आकडा लिहिलेला असतो, त्या काढा. समजा, पेट्रोल १०३ रुपये आणि गाडी लिटरला १३ किलोमीटर देते. डिझेल ९० रुपये आणि तीच गाडी १७ देते. किलोमीटरला साधारण आठ रुपये विरुद्ध सव्वापाच, म्हणजे पावणेतीन रुपये डिझेलमध्ये वाचतात. डिझेल गाडी दीड लाखाने महाग असेल, तर ते भरून निघायला सुमारे ५५ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला १५ हजार चालवणाऱ्याचे पैसे चार वर्षांच्या आत सुटतात. सहा हजार चालवणाऱ्याला नऊ वर्षे लागतात, आणि त्याने डिझेलचा विचारही करू नये. उलट जास्त चालवणाऱ्याला सहा वर्षांनी विकताना पन्नास हजार कमी मिळाले, तरी वर्षाला आठ-सव्वाआठ हजारांचेच नुकसान. इंधनात तो वर्षाला चाळीस हजार वाचवतो. शिवाय महाराष्ट्रात नोंदणीचा कर डिझेलवर पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त असतो, तो किमतीत धरायला विसरू नका.

पैशांखेरीज आणखी एक अडचण आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी मधूनमधून हायवेवर एका वेगात चालावी लागते. रोज मुलांची शाळा, भाजी आणि मशीद, एवढाच फेरा असेल तर ती तुंबते आणि खर्च मोठा येतो. याच नियमांच्या वेळी मारुतीने डिझेल गाड्या बनवणे बंद केले.

सीएनजी चालवायला पेट्रोल-डिझेलपेक्षा स्वस्त. पण टाकी बहुतेक गाड्यांत डिकीतली जागा खाते, आणि सात माणसे, बॅगा व आंब्याच्या पेट्या घेऊन निघणाऱ्या कुटुंबाला हे जाणवते. गावच्या वाटेवर पंप कुठे आहेत आणि रांग किती असते, हे घेण्याआधी एका फेरीत पाहून घ्यावे.

आपल्याकडच्या पुष्कळ घरांना व्याजाचा हप्ता नको असतो. तिथे जुन्या गाडीचे पैसे हेच नव्या गाडीचे भांडवल, म्हणून तिथे भावाची चिंता पोकळ नाही. अशा घराने शोरूमच्या एक्सचेंजवर विसंबू नये, निदान तीन ठिकाणी भाव काढावा. आणि कोरीऐवजी तीन-चार वर्षांची, एकाच मालकाची गाडी पाहावी. पहिल्या वर्षांतली मोठी घसरण दुसऱ्याने सोसलेली असते. मात्र दिल्ली-हरियाणाच्या नंबरची स्वस्त डिझेल दिसली तर सावध. तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला कर धरल्यावर स्वस्ताई बरीच आटते.

आपली गाडी विकताना टर्बो किंवा क्लचचे काम निघाले असेल तर घेणाऱ्याला आधीच सांगावे; दोष झाकून माल विकू नये हे आपल्याला घरातच शिकवलेले असते. किंमत थोडी कमी येईल, पण नंतर दारात भांडण येणार नाही. कागदांत मात्र भिडस्तपणा नको. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून "करून घे नावावर" म्हणत चावी देण्याची पद्धत महागात पडते. २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईला तोच मालक धरला जातो. फास्टॅग बंद करा, विमा कंपनीला कळवा, आणि आरसीवर नवे नाव चढेपर्यंत दर आठवड्याला घेणाऱ्याला फोन करत राहा, तो चुलतभाऊ असला तरी.