'गोरा' या एका शब्दाचा अंमल

परमुलखातून येऊन वसलेल्या मनुष्यास आपला नागरिक करून घेण्याची रीत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १७९० साली प्रथम कायद्याने घालून दिली, तेव्हा दोन वर्षांचा रहिवास, चांगली चालचलणूक आणि राज्यघटनेवरील निष्ठेची शपथ एवढ्याच गोष्टी त्याच्याकडून अपेक्षिल्या होत्या. परंतु त्यांच्याही आधी, अर्जदार 'स्वतंत्र गोरी व्यक्ती' असावा, अशी एक अट सहज लेखणीतून उतरावी तशी उतरली होती. रहिवासाची मुदत १७९५ मध्ये पाच वर्षे झाली, १७९८ मध्ये परकीयांच्या धास्तीने चौदांवर गेली आणि १८०२ मध्ये पुन्हा पाचांवर येऊन स्थिरावली. १९०६ पासून इंग्रजी बोलता येणेही आवश्यक झाले. या साऱ्या अटी श्रमाने किंवा नुसत्या कालगतीने पुऱ्या होणाऱ्या होत्या. पूर्वीच्या राजाची ताबेदारी शपथपूर्वक सोडण्याची अट तर पंचम जॉर्जच्या अमदानीत आपल्या लोकांना गोडच वाटली असेल! वर्णाची अट मात्र कोणाच्याच हातची नव्हती. १८७० साली ती आफ्रिकी वंशाच्या लोकांपुरती सैल झाली. हिंदी मनुष्य कोणत्या रकान्यात बसवावा, हे ज्या त्या न्यायाधीशाच्या मर्जीवर राहिले.

ती मर्जी पारशी गृहस्थ भिकाजी बलसारा यांस १९१० साली अनुकूल झाली, आणि पुढे १९१४ साली बंगालचे तारकनाथ दास व, नावावरून तरी आपल्याकडचे वाटणारे, वकील सखाराम गणेश पंडित यांसही.

या प्रश्नाचा कायमचा निकाल ज्यांच्या खटल्यात लागला, ते भगतसिंग थिंड हे पंजाबचे शीख. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन लष्करात दाखल झाले होते. १९२० साली ओरेगॉनच्या न्यायालयाने त्यांस दिलेल्या नागरिकत्वाविरुद्ध सरकारने दाद मागितली आणि खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र पंडितांनीच घेतले. त्याच न्यायालयात जपानी अर्जदार ताकाओ ओझावा यांचा दावा नोव्हेंबर १९२२ मध्ये फेटाळताना, 'गोरा' म्हणजे कातडीचा रंग नव्हे तर कॉकेशियन वंश, असा अर्थ न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लावला होता. तेव्हा वंशशास्त्रज्ञ ज्यास कॉकेशियनांत गणतात त्या हिंदी मनुष्यास दार उघडे असावयास हवे होते. परंतु अवघ्या तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, त्याच सदरलँडांनी शास्त्र बाजूस सारून सामान्य माणसाची समजूत प्रमाण मानली आणि थिंड गोरे नव्हेत असा निकाल दिला. हे न्यायमूर्ती स्वतः इंग्लंडात जन्मलेले होते! अर्थात थिंडांच्या कैफियतीतही उच्चवर्णीय आर्यरक्ताचा आणि खालच्यांशी सोयरीक टाळण्याचा दाखला मोठ्या अभिमानाने जोडलेला होता, हे वाचताना आपलीच मान खाली जाते.

निकाल हाती येताच सरकारने पूर्वी बहाल केलेली नागरिकत्वे रद्दबातल करविण्याचा सपाटा लावला. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगई यांनी १९२१ मध्ये मिळविलेले नागरिकत्व गेले, आणि १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. पंडित मात्र स्वतःच्या खटल्यात झुंजले: आपण या नागरिकत्वाच्या भरवशावर वकिली थाटली, घर केले, विवाह केला, आता पत्नीचेही नागरिकत्व जाईल, असे त्यांचे म्हणणे. १९२६ साली अपील न्यायालयाने, ज्या निकालास सरकारने वेळेवर आव्हान दिले नाही तो आता उकरता येणार नाही, असे ठरविले, आणि पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्यासच नकार दिल्यावर ही मोहीम थंडावली.

थिंडांस अखेर १९३६ मध्ये, महायुद्धातील सैनिकांसाठी झालेल्या कायद्याच्या आधारे नागरिकत्व मिळाले. इतर हिंदी लोकांसाठी २ जुलै १९४६ रोजी नव्या कायद्यावर अध्यक्ष ट्रूमन यांची सही व्हावी लागली, आणि त्यातही नवा प्रवेश वर्षाला शंभर जणांपुरताच होता. वर्णाचा अडसर सर्वांकरिता १९५२ मध्येच दूर झाला. कॅलिफोर्नियात शेती करणारे दलिपसिंग सौंद १९४९ च्या डिसेंबरात नागरिक झाले आणि १९५६ मध्ये तेथूनच अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. प्रतिनिधी होण्यास सात वर्षांचे नागरिकत्व लागते. सौंदांची ती मुदत सभागृहात पाऊल ठेवण्याच्या जेमतेम काही आठवडे आधी भरली होती.