दिवा हिरवा, तरी इंटरनेट का नाही?

सेवापुरवठादार बदलला की इंटरनेटचा जुना डबा बहुधा कपाटावर जातो. म्हापशापासून काणकोणपर्यंत अनेक घरांत असा एखादा डबा धूळ खात पडलेला असेल. तो बिघडलेला नसतो. वीज दिली की दिवे लागतात, वायफायचे नावही मोबाईलवर उमटते. पण नव्या कंपनीची तार जोडली की इंटरनेट मात्र येत नाही. ग्राहकाची समजूत होते की कंपनीने मुद्दाम अडवणूक केली. क्वचित ते खरेही असते. मात्र यामागचे तांत्रिक कारण ज्या पेचात ग्राहकाला टाकते, त्याच पेचात खुद्द पुरवठादारही सापडलेला असतो.

घरात येणारी ही तार म्हणजे काचेचा तंतू. पुरवठादाराच्या केंद्रात एक मोठे यंत्र असते, त्यास ओएलटी म्हणतात; घरातला डबा म्हणजे ओएनटी. केंद्रातून निघालेला एकच तंतू वाटेत स्प्लिटरमधून फुटून ३२ किंवा ६४ घरांत पोचतो. घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, परत जाणारा १३१० नॅनोमीटरचा. येथपर्यंत सारे ठरलेले आहे. परंतु याच प्रकाशावर दोन निरनिराळ्या पद्धती चालतात. ईपॉन दोन्ही दिशांना सेकंदाला सव्वा गिगाबिट माहिती नेते. जीपॉन घराकडे सुमारे अडीच आणि परत सव्वा गिगाबिट. दोहोंचे डबे बाहेरून सारखेच दिसतात, मात्र एकाला दुसऱ्याची भाषा कळत नाही. दोन्ही पद्धती जाणणारे डबे बाजारात आहेत, त्यामुळे ही अडचण तुलनेने सोपी.

खरी मेख पुढे आहे. पद्धत एकच असली तरी केंद्रातल्या यंत्राला घरातल्या डब्याला सूचना द्याव्या लागतात: कोणत्या वाटेने माहिती न्यायची, वेग किती ठेवायचा, दूरध्वनी कोणत्या खाचेत चालवायचा. या संभाषणाला ओएमसीआय म्हणतात आणि त्याचे नियम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.९८८ या मानकात दिलेले आहेत. पण सरकारी नमुन्यात शेवटी ‘शेरा’ नावाचा रकाना असतो आणि तो जो तो आपल्या मनाने भरतो, तसे येथे झाले आहे. मानकाने निर्मात्यांना स्वतःच्या खास सूचना घालण्याची मुभा ठेवली, आणि काही नियमांचे अर्थही प्रत्येकाने आपापल्या परीने लावले. परिणामी परक्या कंपनीचा डबा जोडला की केंद्र त्याला ओळखते, अंतर मोजते, दिवाही हिरवा होतो. पुढची सूचना मात्र डब्याला उमगत नाही आणि इंटरनेट पोचत नाही. कधी इंटरनेट चालते व दूरध्वनी मुका राहतो. तंत्रज्ञाला सर्वाधिक छळणारा दोष हाच, कारण वरवर पाहता काहीच बिघडलेले नसते.

केंद्रातही हाच प्रकार घडतो. यंत्रांत प्रकाश निर्माण करणारी बोटाएवढी एसएफपी मॉड्यूल खोचावी लागतात. त्यांचे माप आणि जोडणी एकसारखी असते. तथापि आतल्या चिपमध्ये निर्मात्याचे नाव नोंदलेले असते. काही कंपन्यांचे स्विच ते नाव वाचतात आणि परके आढळल्यास पोर्ट सुरूच करीत नाहीत. यावर तोड म्हणून मॉड्यूलमध्ये हवे ते नाव भरून देणारे विक्रेतेही उभे राहिले आहेत!

मग पुरवठादार एकाच कंपनीची उपकरणे का घेत नाहीत? एकीकडून घेतले की पुढच्या खेपेला दर तीच कंपनी ठरवते, हे एक कारण. शेजारच्या केबलचालकाचे जाळे विकत घेतले की त्याची यंत्रेही सोबत येतात, हे दुसरे. तिसरे कारण धोरणाचे आहे. १५ जून २०२१ पासून भारतातील दूरसंचार परवानाधारकांना आपल्या जाळ्यात फक्त ‘विश्वसनीय’ ठरलेली नवी उपकरणे जोडता येतात. आधीची यंत्रे काढून टाकण्याची सक्ती नाही. त्यामुळे जुने यंत्र अशा यादीबाहेरील कंपनीचे असेल, तर विस्तार दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांनी करणे भाग पडते आणि एकाच गावात दोन भाषा बोलणारे जाळे तयार होते. मोठ्या कंपन्यांकडे अशा जुळवणीसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा असतात. तालुक्यापुरता व्यवसाय करणाऱ्याकडे दोन-चार तंत्रज्ञ असतात आणि बिघाड झाला की दोन निर्मात्यांची टोलवाटोलवी त्याला ऐकावी लागते.

गोव्यात पावसाळा यात भर घालतो. तंतू काचेचा असल्याने आकाशातली वीज त्यातून येत नाही. ती अडॅप्टरच्या वाटेने शिरते आणि डबा जाळते. एकाच रात्री बरेच डबे गेले की हाताशी मिळेल तो माल घ्यावा लागतो, आणि जुळवणीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

जर्मनीने १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःचे उपकरण निवडण्याचा हक्क कायद्याने दिला. जोडणीसाठी लागणारी माहिती पुरवठादाराने देणे तेथे बंधनकारक आहे. आपल्याकडे डबा बहुधा पुरवठादाराचाच असतो. जुना वापरायचाच झाल्यास तो ईपॉनचा की जीपॉनचा आणि आपल्या केंद्रातील यंत्राशी तो पूर्वी जुळला आहे काय, हे आधी विचारून घ्यावे. तारेचे टोकही पाहावे. हिरवे टोक आठ अंशांत तिरपे घासलेले असते, निळे सरळ. हिरवे टोक निळ्या खाचेत सहज बसते, पण मध्ये फट राहून बराचसा प्रकाश वाया जातो.